हुमणात काय घालावे, काय घालू नये: गोव्याच्या स्वयंपाकघरातील वाद आणि ते सोडवण्याची रीत

गोव्यात दोन घरांची सोयरीक जुळली की मानपानाचे प्रश्न चार दिवसांत मिटतात, हुमणाचा, म्हणजे खोबरे वाटून केलेल्या माशाच्या कालवणाचा, प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. पेडण्याकडची सून वाटणात कांदा घालते, फोंड्याकडच्या सासूबाई शांतपणे म्हणतात, "आमच्याकडे बांगड्यात कांदा घालत नाहीत", आणि जेवायला बसलेल्या पुरुषमंडळींना एकाएकी भातात फार रस वाटू लागतो. तिरफळ (जिभेला झिणझिणी आणणारे मसाल्याचे फळ) कुठे चालते, चिंच वापरावी की सोलां (आमसुले), धणे किती, लसूण मुळात हवीच कशाला, या प्रत्येक प्रश्नावर ठाम मत असणारी माणसे एकाच वाड्यावर सापडतात आणि त्यांतले प्रत्येक जण आपल्या आजीची साक्ष काढते. हे मार्गदर्शन अशा घरांसाठी आहे. हुमण कसे करावे हे त्यात आहेच, परंतु त्याहून अधिक, एखादा जिन्नस हुमणात बसतो की नाही हे ठरवायचे कसे, याची रीत सांगण्याचा प्रयत्न आहे.

ती रीत एका वाक्यात सांगता येते: आजीला विचारण्याआधी टोपलीत कोणता मासा आहे ते पाहावे. हुमणावरच्या बहुतेक भांडणांत दोन्ही पक्ष बरोबर असतात, कारण एक पक्ष तारली या तेलकट माशाबद्दल बोलत असतो आणि दुसरा सुंगटांबद्दल, म्हणजे कोळंबीबद्दल.

जिन्नसांवरून असे वाद घालणारे जगात आपण एकटेच नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 'चिली' नावाचा एक पदार्थ आहे. गोमांसाचे तुकडे सुक्या मिरच्यांच्या रसात मंद आचेवर शिजवून तो करतात. तेथील विधिमंडळाने १९७७ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली. परंतु त्यात राजम्यासारखे कडधान्य घालावे की घालू नये, यावर तेथील माणसे आजही हमरीतुमरीवर येतात. टर्लिंग्वा या वाळवंटातल्या गावात १९६७ मध्ये चिली रांधण्याची स्पर्धा सुरू झाली. आज तेथे मोठी स्पर्धा भरवणाऱ्या चिली अप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल या संस्थेच्या नियमांत कडधान्य, मॅकरोनी, भात अशी कोणतीही भर घालण्यास स्पष्ट मनाई आहे. इकडे सिनसिनाटी शहरात मात्र दालचिनीचा वास असलेली चिली चक्क स्पॅगेटीवर वाढतात, आणि टेक्सासचे लोक तिला चिली म्हणायलाच तयार नसतात. नियम लिहून वाद मिटवण्याची ही पद्धत त्यांना परवडते, कारण त्यांच्या पातेल्यात मांस बहुधा एकाच जातीचे असते. आपल्याकडे सोमवारी उपास, मंगळवारी बांगडा, बुधवारी सुंगटां आणि गुरुवारी पुन्हा शाकाहार असा आठवडा असल्यामुळे एकच नियम सगळ्या पातेल्यांना लावता येत नाही.

"पूर्वापार" हा मुद्दाही जपून वापरावा. हुमणाला रंग आणि तिखटपणा देणारी लाल मिरची मूळची अमेरिका खंडातली आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या जहाजांच्या वाटेने ती या किनाऱ्यावर आली, आणि त्याआधी येथे तिखटपणासाठी मिरीच होती. काही घरांत आजही वाटणात चार-पाच मिरे पडतात. तेव्हा एखादा जिन्नस जुना आहे एवढ्यावरून तो हुमणात बसतो असे म्हणता येत नाही, आणि नवा आहे एवढ्यावरून तो बाहेरही काढता येत नाही. तो पातेल्यात कोणते काम करतो, हे पाहावे लागते.

ज्यावर तडजोड नाही

काही गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत आणि त्या सोडल्या तर जे तयार होईल ते चवदार असले तरी हुमण नव्हे. ओले खोबरे हवे आणि ते कच्चेच वाटलेले हवे. खोबरे भाजले की पदार्थ शागोती किंवा तोणाक या भाजलेल्या खोबऱ्याच्या कालवणांकडे वळतो, आणि मग त्याला लागणारे मसालेही वेगळे असतात. सुकी लाल मिरची हवी, एखादे आंबट हवे आणि मीठ हवे. लवंग, दालचिनी, चक्रीफूल, खसखस, जायफळ यांचा हुमणाशी संबंध नाही. कोंबडीच्या शागोतीत त्यांना भरपूर मान आहे, तेथे त्यांनी सुखाने राहावे. बाकीच्या सर्व जिन्नसांवर बोलणी होऊ शकतात.

वाटण

चार माणसांसाठी मध्यम आकाराचे चार बांगडे धरले, तर मध्यम नारळाचे एक भकल (अर्धा भाग) खवून घ्यावे. ते साधारण दीड वाटी भरते. सात-आठ सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद आणि एक लहान चमचा धणे एवढे सामान पुरते. मिरची शक्य असल्यास गोव्याचीच घ्यावी. काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीला आणि पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यातली खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तिचा रंग तेजस्वी आणि तिखटपणा बेताचा असल्याने ती हुमणाला विशेष मानवते. ती न मिळाल्यास रंगासाठी ब्याडगी घेऊन जोडीला एखादी तिखट मिरची घालावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकत घेताना देठ हिरवट-पिवळा आहे की काळा पडला आहे ते पाहावे आणि एक मिरची मोडून तिच्या आत बुरशी नाही ना, याचीही खात्री करावी. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) म्हणून मे महिन्यात घेतलेली मिरची पावसाळ्यात ओल धरते, म्हणून ती भरण्यापूर्वी दोन-तीन उन्हे द्यावीत.

मिरच्यांची देठे काढून त्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवाव्यात. आधी मिरच्या, धणे आणि हळद अगदी थोड्या पाण्यात वाटून घ्यावीत आणि ती गंधासारखी झाल्यावरच खोबरे घालावे. सगळे एकदम घातल्यास खोबरे आधी वाटले जाते आणि मिरचीचे साल व धण्याची टरफले तशीच राहतात. रगड्यावर वाटलेल्या वाटणाची सर मिक्सरला येत नाही हे खरे, परंतु मिक्सरवरही थांबून थांबून, चमचाचमचा पाणी घालत, भांडे तापू न देता वाटले तर चांगले वाटण निघते. चिमूटभर वाटण अंगठा आणि बोटात चोळून पाहावे. कण लागला तर पुन्हा फिरवावे.

या एका पायरीवर इतका भर देण्याचे कारण असे की, जिन्नसांवरचे अर्धे वाद मुळात जाडसर वाटणातून जन्माला येतात. वाटण भरड राहिले की शिजवताना पाणी वर आणि चोथा खाली असे हुमण फुटते. मग ते मिळून यावे म्हणून कोणी टोमॅटो घालते, कोणी कांद्याचे प्रमाण वाढवते, कोणी पीठ लावते आणि पुढच्या पिढीत तीच घराची परंपरा ठरते. वाटण गुळगुळीत असेल तर दाटपणासाठी वेगळे काही लागत नाही. वाटतानाच चमचाभर भिजवलेले तांदूळ घालण्याची काही घरांची पद्धत आहे. ती अडचणीच्या वेळी वाईट नाही, फक्त तांदूळही तितकेच बारीक वाटले गेले पाहिजेत.

आंबटाचा प्रश्न

सर्वांत मोठे भांडण आंबटावरून होते, आणि ते योग्यच आहे, कारण हुमणाचा स्वभाव आंबटावर ठरतो. गोव्यात यासाठी किमान पाच पर्याय घरोघरी वापरात आहेत: सोलां, चिंच, कैरी आणि बिमलां व आंबाडे ही आंबट फळे. प्रत्येकाचे वागणे वेगळे आहे आणि त्यातला कोणता निवडायचा हे मासा आणि महिना मिळून ठरवतात.

सोलां, म्हणजे घाटावरच्या वाचकांची आमसुले, एप्रिल-मेमध्ये पिकलेल्या भिंडांची (कोकमाच्या फळांची) साले वाळवून वर्षभरासाठी ठेवलेली असतात. त्यांचा आंबटपणा हळूहळू उतरतो, म्हणून ती वाटणात वाटायची नसतात. धुऊन, अख्खीच, मासा घालण्याच्या सुमारास सोडायची असतात. चार बांगड्यांना पाच-सहा सोलां पुरतात. सोलांना अनेकदा मीठ लावलेले असते, म्हणून हुमणात मीठ घालताना हात आखडता ठेवावा आणि शेवटी चव पाहून वाढवावे. सोलांमुळे हुमणाचा रंग थोडा काळपट होतो. जे लोक केशरी रंगालाच खरे हुमण मानतात त्यांची तक्रार येथूनच सुरू होते. परंतु बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांना सोलांची किंचित तुरट आंबटाई जशी पेलते तशी चिंच पेलत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिंच वाटणातच वाटतात. तिचा आंबटपणा ताबडतोब आणि सगळीकडे सारखा उतरतो, रंगही उजळ राहतो. पापलेट, इस्वण (सुरमई), चणक (जिताडा) अशा पांढऱ्या मांसाच्या माशांना ती चांगली लागते. लिंबाच्या अर्ध्या आकाराची गोळी चार माणसांना पुरे. जुनी काळी चिंच असेल तर त्याहूनही कमी घ्यावी.

कैरी मार्च ते मे या महिन्यांत घरोघरच्या झाडांवर असते, आणि सुंगटांशी तिचे जे जमते त्याला तोड नाही. सालीसकट फोडी करून त्या वाटणाबरोबरच उकळायला ठेवाव्यात आणि अर्ध्या शिजल्यावर सुंगटां घालावीत, कारण सुंगटांना चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ दिला तर ती रबरासारखी होतात. कैरीचा एक तुकडा आधी चाखून पाहणे आवश्यक आहे, कारण एकाच झाडाच्या दोन कैऱ्यांचा आंबटपणा सारखा नसतो. बिमलां उभी चिरून घालावीत. ती लवकर विरघळतात आणि त्यांचे पाणी सुटते, म्हणून हुमण आधी थोडे दाट ठेवावे. आंबाडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. ते ठेचून आधीपासून शिजवावे लागतात आणि त्यांच्या कोयी चोखणे हा जेवणातला स्वतंत्र कार्यक्रम असतो.

एका पातेल्यात एकच आंबट, हा नियम पाळावा. चिंच वाटली आणि वरून सोलांही टाकली की दोन्हींचे गुण जातात आणि नुसता आंबटपणा उरतो. अपवाद एकच: कैरी पिकायला लागून गोडसर झाली असेल तर तिच्या मदतीला एक सोल सोडण्यास हरकत नाही.

आंबट हुमण ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात करू नये. मातीचे कुंडले सर्वांत चांगले, नाहीतर जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे.

तिरफळ

तिरफळाबाबत माणसांचे दोन तट असतात आणि मधले कोणी नसते. काटेरी झाडावर येणारे हे मिऱ्याएवढे फळ वाळले की उकलते. त्याच्या आतली काळी चकचकीत बी कडू असते आणि ती काढून टाकायची असते. वास आणि जिभेला येणारी झिणझिणी ही सगळी सालीत असते. बाजारातून आणलेल्या तिरफळात बिया राहिलेल्या असतात, त्या निवडण्याचा कंटाळा करू नये. पावसाळ्याच्या शेवटी ताजी हिरवी तिरफळे मिळतात, त्यांचा वास वाळलेल्यांपेक्षा अधिक तीव्र असल्याने त्यांचे प्रमाण कमी ठेवावे.

तिरफळाचे हुमणातले काम अगदी नेमके आहे. बांगडा, तारली अशा तेलकट माशांचा जो उग्र वास असतो तो ते आवरते, आणि खोबऱ्याच्या गोडव्यावर एक कडक कडा आणते. म्हणून जेथे उग्र वास नाही तेथे त्याला काम नाही. पापलेटात किंवा सुंगटांत ते घातले तर माशाची स्वतःची नाजूक चव झाकली जाते आणि खाणाऱ्याला तिरफळाखेरीज काही लागत नाही. इस्वणाच्या बाबतीत घराघरांत फरक आहे आणि तो राहू द्यावा. मी घालत नाही, परंतु घालणाऱ्यांच्या घरी आवडीने जेवतो. ज्यांना तिरफळ फार प्रिय आहे त्यांच्यासाठी श्रावणातही सोय आहे, कारण खतखते या भाज्यांच्या कालवणात त्याच्यावाचून चालत नाही.

ते वाटणात वाटावे की ठेचून घालावे, हा पोटवाद. वाटले की साल पूर्ण फुटून कडवटपणा सगळ्या रसात उतरतो, म्हणून आठ-दहा तिरफळे वाटीभर पाण्यात थोडा वेळ भिजवून, बत्त्याने जेमतेम दाबून, त्या पाण्यासकट माशाबरोबर घालावीत. जेवताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात, हे परगावच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे.

कांदा, धणे, लसूण

तिरफळ आणि कांदा एका पातेल्यात नांदत नाहीत, ही बहुतेक सारस्वत घरांतली समजूत चवीच्या दृष्टीनेही पक्की आहे. कांदा गोडवा आणि घट्टपणा देतो, तिरफळ त्याच्या उलट दिशेला ओढते. म्हणून तिरफळाच्या हुमणात कांदा नको, लसूण नको आणि धणेही नावापुरते असावेत. काही घरांत तेही वर्ज्य आहेत. फोडणीही नसते. मासा शिजल्यावर वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडून झाकण ठेवतात, तेवढा वास पुरतो.

तिरफळ नसेल तेथे कांद्याला जागा आहे. सुंगटांच्या हुमणात बारीक चिरलेला कांदा आधी थोड्या तेलात मऊ करून त्यावर वाटण घालतात, किंवा कच्चाच वाटणाच्या पाण्यात उकळतात. मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे, कारण परतलेल्या कांद्याची खमंगता कच्च्या खोबऱ्याच्या चवीवर चढून बसते. कांदा वाटणातच वाटला असेल तर हुमणाला मासा घालण्यापूर्वी आणखी चार-पाच मिनिटे उकळी द्यावी लागते, नाहीतर त्याचा कच्चा उग्रपणा राहतो. "कांद्याने हुमण बिघडते" म्हणणाऱ्यांनी बहुधा हीच चव घेतलेली असते. सुंगटांबरोबर भेंडी घालणे ही काही काटकसर नव्हे, ती स्वतंत्र आणि उत्तम पद्धत आहे. फक्त भेंडी आधी तेलावर परतून तिची तार मोडून घ्यावी.

लसूण आणि जिरे यांचा विषय निघाला की चर्चा हिंदू घर आणि ख्रिस्ती घर अशी वळते. बऱ्याच ख्रिस्ती घरांतल्या कडीत, म्हणजे माशाच्या कालवणात, लसूण, जिरे, धणे, कांदा आणि चिंच हे सगळे एकत्र वाटलेले असते, वरून चिरलेली हिरवी मिरचीही असते, आणि ते सगळे मिळून एक सुसंगत चव बनते. ती कडी करायची असेल तर पूर्ण त्या पद्धतीने करावी. आपल्या तिरफळाच्या हुमणात मधूनच दोन लसूणपाकळ्या टाकल्याने ना इकडचे राहते ना तिकडचे. त्याचप्रमाणे काल्दीन हे हळदीच्या रंगाचे, लाल मिरची नसलेले आणि नारळाच्या पिळलेल्या रसाचे कालवण आहे, तर मोरी किंवा सांगट या माशांचे आंबट-तिखट हे कालवण बिनखोबऱ्याचे असते. या दोघांची तुलना हुमणाशी करून त्यांत काय कमी आहे ते मोजणे व्यर्थ आहे.

टोमॅटो, कढीपत्ता, मोहरी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांच्यासाठी फार शाई खर्च करण्याची गरज नाही. टोमॅटो आंबट म्हणून कमकुवत आणि गोड म्हणून नको इतका आहे. कढीपत्ता आणि मोहरी दक्षिणेकडच्या कालवणांत शोभतात. कोथिंबीर हॉटेलातल्या छायाचित्रांसाठी ठीक आहे.

शिजवणे

मासा साफ करून, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा. बांगड्याचे डोके फेकू नये, कल्ले काढून ते पातेल्यात घालावे, रसाला खरी चव तेथूनच येते. वाटणात मिक्सरचे भांडे विसळलेले पाणी मिळवून ते ताकापेक्षा थोडे दाट करावे, कारण मासा आणि आंबट दोन्ही पुढे पाणी सोडतात. मध्यम आचेवर ढवळत उकळी आणावी आणि उकळी आल्यावर आच कमी करावी. खोबऱ्याचा रस खळखळून उकळत ठेवला तर तो फुटतो आणि तेल वर येते. मंद आचेवर सहा-सात मिनिटांत मिरचीचा कच्चा वास जातो. त्यानंतर ठेचलेली तिरफळे, सोलां आणि मासा याच क्रमाने घालावे.

मासा पडला की पळी बाजूला ठेवावी. पातेले दोन्ही कडांना धरून हलकेच गोल फिरवले की रस सगळीकडे जातो आणि तुकडा मोडत नाही. तारलीला चार मिनिटे, बांगड्याला सहा ते आठ, इस्वणाच्या बोटभर जाडीच्या तुकड्यांना सात-आठ मिनिटे पुरतात. मांस काट्यापासून सुटू लागले की आच बंद करावी, कारण उरलेले काम गरम रस करतो. हुमण उतरवल्यावर निदान अर्धा तास झाकून ठेवावे. सोलां आणि तिरफळ या दोन्हींना मुरायला वेळ लागतो, आणि पातेल्यावरून थेट ताटात वाढलेल्या हुमणाला "काहीतरी कमी आहे" असे जे म्हणतात, त्यात बहुधा हा अर्धा तासच कमी असतो. सोबत उकड्या तांदळाचा भात असावा.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बर्फातला जुना मासा घेऊन त्यावर जिन्नसांचा भडिमार करण्यापेक्षा मे महिन्यात साठवलेली सुकी सुंगटे भाजून, डोकी-शेपट्या काढून, त्यांचे हुमण करावे. त्यात कांदा निःशंकपणे घालावा आणि आंबटासाठी सोलां घ्यावीत.

वाद तरीही मिटला नाही तर

घरात दोन मते शिल्लक राहिली असतील तर तोंडी चर्चा थांबवून दोन लहान पातेली चुलीवर ठेवावीत. वाटण एकदाच करावे, ते दोन भागांत वाटावे, मासा एकाच खेपेचा घ्यावा, आणि दोन्ही पातेल्यांत फक्त एकाच जिन्नसाचा फरक ठेवावा: एकीकडे सोलां, दुसरीकडे चिंच, किंवा एकीकडे धणे असलेले आणि दुसरीकडे नसलेले वाटण. दोन जिन्नस एकदम बदलले तर कशामुळे काय झाले ते कळत नाही आणि वाद होता तेथेच राहतो. मीठ दोन्हींत मोजून घालावे, कारण ज्या पातेल्यात मीठ नीट असते ते जिंकते आणि श्रेय मात्र जिन्नसाला मिळते. दोन्ही हुमणे सारखाच वेळ मुरू द्यावीत आणि कोणते कोणाचे हे न सांगता साध्या भाताबरोबर वाढावीत. सासूबाईंना सुनेचे आवडले तर ते जाहीर करण्याचा आग्रह धरू नये. पुढच्या खेपेला बाजाराच्या यादीत चिंच दिसली नाही म्हणजे निकाल लागला असे समजावे.

उरलेल्या हुमणावरही मतभेद आहेतच. काहींच्या मते मासा रसातच ठेवावा म्हणजे मुरतो, काहींच्या मते तो काढून वेगळा ठेवावा. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, निदान बांगड्याच्या बाबतीत, कारण दुसऱ्या दिवशी गरम करताना त्याचा चुरा होतो. सोलां मात्र रात्रीच काढावीत, नाहीतर सकाळपर्यंत आंबट इतके उतरते की खोबरे जाणवत नाही. रस थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी तो उघड्या पातेल्यात मंद आचेवर, बुडाला लागू न देता, दाट होऊन कडेने तेल सुटू लागेपर्यंत आटवावा, आणि ही कालची कडी पोदेराने (पाववाल्याने) आणलेल्या गरम उंड्याबरोबर (गोल पावाबरोबर) किंवा पोळीबरोबर वाढावी. आटवताना पाणी घालू नये आणि मीठ तर मुळीच वाढवू नये.